अल्पशा आजाराने

वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान रोज वाचणाऱ्यांना त्यातली ठरलेली वाक्यं पाठ असतात. ऐंशी पार केलेले आजोबा ‘वृद्धापकाळाने’ जातात, पन्नाशीतले गृहस्थ ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ जातात, आणि ज्यांच्याबद्दल घरच्यांना जास्त काही सांगायचं नसतं ते ‘अल्पशा आजाराने’. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या फोटोखाली हे शब्द दिसले की हल्ली मी तिथे थांबते. दर वेळी कारण तेच असतं असं नाही. पण या पुस्तकात ज्या आईवडिलांनी लिहिलं आहे, त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या मुलासाठी हेच छापून आणलं होतं. आजार अल्पसा नव्हता. कुणाचा चार वर्षं चालला, कुणाचा अकरा. त्या वर्षांत घरातलं सोनं गेलं, प्रॉव्हिडंट फंड गेला, नातेवाइकांकडचं येणंजाणं गेलं, आणि शेवटी मूल गेलं. खरं कारण चार ओळींत छापायची हिंमत तेव्हा कुणात नव्हती. त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावू नये.

व्यसनी मुलाचे पालक म्हणून या माणसांकडे पुष्कळांनी पाहिलं आहे. मूल गमावलेले पालक म्हणून फार थोड्यांनी पाहिलं. व्यसनमुक्तीच्या कामात कुटुंबीयांशी बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे असते, त्यामुळे यांतल्या बऱ्याच जणांना मी मूल जिवंत असल्यापासून ओळखते. काहींनी वहीत लिहून दिलं, काहींनी फोनवर बोलून पाठवलं, दोघीतिघींनी समोर बसून सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. नावं, गावं, नात्यातले तपशील बदलले आहेत. बोलणं बदललेलं नाही.

मराठीत व्यसनावर लिहिलं गेलेलं नाही असं मुळीच नाही. १९८०च्या दशकात ब्राऊन शुगर ‘गर्द’ या नावानं मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत शिरली, तेव्हा डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी देऊ केली आणि १९८६ साली पुण्यात येरवड्याला मुक्तांगण उभं राहिलं. डॉ. अनिता अवचटांनी तिथे येणाऱ्या मुलांना ज्या मायेनं जवळ केलं, त्याच्या आठवणी आजही लोक सांगतात. आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. ज्याला कायदा आरोपी म्हणत होता त्याला कुणीतरी आजारी म्हणतंय, ही गोष्ट त्या काळात केवढी मोठी होती हे आज लक्षात येणार नाही. व्यसन हा आजार आहे हे वाक्य आता कुठल्याही व्याख्यानात ऐकू येतं, आणि ते त्या पिढीनं कमावलेलं आहे.

पण आजार म्हटला की काही रुग्ण दगावतात. हे आपण कॅन्सरच्या बाबतीत मान्य करतो, व्यसनाच्या बाबतीत करत नाही. व्यसनमुक्तीच्या पुस्तकांत, कार्यक्रमांत, पोस्टरवर जो बाहेर पडला त्याचीच कहाणी असते. ती असायलाच हवी. जो अजून धडपडतोय त्याला तिचाच आधार असतो. मात्र त्याच सभागृहात मागच्या रांगेत एक बाई बसलेली असते. स्टेजवर कुणाचं तरी नशेशिवायचं एक वर्ष पूर्ण झाल्याचा सत्कार चाललेला असतो, त्याची आई पदरानं डोळे पुसत असते. मागच्या रांगेतली बाई मला नंतर म्हणाली, “टाळ्या मी पण वाजवल्या, ताई. मनापासून वाजवल्या. तो आणि आमचा एकाच वॉर्डात होते. घरी येऊन रात्रभर हाच विचार, की तिनं काय केलं जे मी केलं नाही?”

या पुस्तकातलं प्रत्येक मनोगत कुठल्या ना कुठल्या वळणावर या प्रश्नापाशी येतं. म्हणून दोन मनोगतं मी मुद्दाम एकापुढे एक ठेवली आहेत.

पहिलं एका फिटरचं. मुलगा गर्दवर होता. त्यानं घेतलं नव्हतं की मिळालं नव्हतं कोण जाणे, पण टर्की सुरू झाली होती. व्यसनी मुलाच्या घरात हा शब्द आजीपासून सगळ्यांना माहीत असतो. नाक गळतंय, डोळे गळतायत, अंगावर काटा, पोटात मुरडा, पाय नुसते झाडतोय आणि “बाबा, मारून टाका” म्हणतोय. वडिलांनी लिहिलं आहे: ‘खिशात पाचशेची नोट होती. ती टेबलावर ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. हातात दिली नाही. नुसती ठेवली. मागं दाराचा आवाज आला.’ त्या संध्याकाळी मुलगा रेल्वे पुलाखाली सापडला.

दुसरं एका शाळेत लिपिक असलेल्या आईचं. तिनं नेमकं उलट केलं. समुपदेशकांनी सांगितलं होतं तसं केलं. पैसे द्यायचे नाहीत, नशेत आला तर दार उघडायचं नाही. तिनं कितीदा ते नियम मोडले होते आणि कितीदा बोलणी खाल्ली होती. त्या रात्री तिनं मोडायचे नाहीत असं ठरवलं. बेल वाजली, मग दारावर थाप पडली, मग “आई, थंडी वाजतेय.” ‘कडीवर हात होता माझा,’ ती लिहिते. ‘मी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. मोजून झाले तेव्हा बाहेर कुणी नव्हतं.’ सकाळी शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमननं निरोप आणला.

एकानं पैसे दिले, एकीनं दार लावून घेतलं. आज दोघंही म्हणतात, मीच मारलं त्याला. फिटर म्हणतो, त्या बाईसारखं मन घट्ट करता आलं असतं तर. ती म्हणते, त्या बापासारखी माया केली असती तर. एकमेकांविरुद्ध असलेल्या दोन कृतींबद्दल दोघांच्या मनात तीच टोचणी तेवढ्याच जोरानं असेल, तर ती टोचणी कृतीचं माप सांगत नाही हे उघड आहे. मग ती येते कुठून? मला वाटतं, ही टोचणी म्हणजे आईबापानं शेवटपर्यंत न सोडलेला हात आहे. चूक माझी होती असं मानलं, तर निदान काहीतरी माझ्या हातात होतं एवढं तरी उरतं. हातात काहीच नव्हतं, हे मान्य करणं त्याहून जड जातं. म्हणून “तुमची काही चूक नाही हो” असं म्हणून या माणसांचं समाधान करता येत नाही. ते ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि रात्री पुन्हा टेबलावरची ती नोट त्यांच्या डोळ्यांपुढे येते.

आणखी एक जण सांगण्यासारखी आहे. तिच्या मनोगतानं मला सगळ्यांत जास्त हलवलं. मुलगा केंद्रातून दीड महिन्यानं घरी आलेला, तब्येत सुधारलेली, गाल भरलेले. रविवारी दुपारी जेवून झोपला. मोठमोठ्यानं घोरायला लागला. “इतक्या दिवसांनी पोरगं शांत झोपलंय, म्हणून मी पंखा वाढवला आणि दार लोटून घेतलं,” ती म्हणाली. चार वाजता चहा घेऊन गेली तेव्हा ओठ निळे पडले होते.

त्या घोरण्याबद्दल इथे लिहायलाच हवं. गर्द, हेरॉइन आणि अफूपासूनचे सगळे पदार्थ मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या केंद्राला मंद करतात. श्वास विरळ होत जातो, जीभ आणि घसा सैल पडतो, आणि त्यातून घुरघुर किंवा जोराचं घोरणं ऐकू येतं. बाहेरच्या माणसाला ती गाढ झोप वाटते. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर धोका कित्येक पटींनी वाढतो. उपचारानंतर किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत घातक. नशा थांबली की शरीराची सवय उतरते. मन मात्र जुनंच माप लक्षात ठेवतं. पूर्वी ज्या पुडीनं फक्त टर्की थांबायची, तीच आता जीव घेते. म्हणजे ही मुलं बऱ्याचदा बरी होण्याच्या वाटेवर असताना जातात, आणि आईबापांची आशा सर्वांत वर असते त्याच आठवड्यात. एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं, मरण वेगळ्या वाटेनं येतं. तिथे हृदयावरचा ताण असतो आणि नशा उतरल्यावरची काळोखी उदासी असते. पण घरी आलेल्या बातमीचा धक्का तोच.

त्यानंतर जे सुरू होतं त्याची कुणाच्याच घरात तयारी नसते. अनैसर्गिक मृत्यू म्हटला की अकस्मात मृत्यूची नोंद होते, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४खाली व्हायची, आता नव्या संहितेच्या १९४खाली होते. पंचनामा, शवविच्छेदन, जबाब. बाप जबाब देत असतो आणि त्याला विचारलं जातं, माल कुठून आणायचा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं, तुम्ही तक्रार का नाही दिली. विचारणारा आपलं काम करत असतो, पण ऐकणाऱ्याच्या अंगावर अजून मुलाला उचलतानाचाच शर्ट असतो. शवविच्छेदनाच्या कागदावर लिहून येतं की व्हिसेरा राखून ठेवला आहे, मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत रासायनिक विश्लेषणानंतर. तो अहवाल यायला महिने जातात. एका घरी तो आला तेव्हा वर्षश्राद्धाची तयारी चालली होती.

आणि दहावा. आपल्याकडे माणूस कसाही गेला असला तरी घाटावर सगळे जमतात, पिंड मांडले जातात आणि कावळ्याची वाट बघितली जाते. कावळा शिवेना की मंडळी पुढे होऊन शब्द देतात, ‘धाकट्याचं शिक्षण करू’, ‘आईला अंतर देणार नाही’. तरी शिवला नाही तर मेलेल्याला जे आवडायचं ते आणून ठेवतात. तंबाखू खाणाऱ्याच्या पिंडाशेजारी तंबाखूची पुडी ठेवलेली मी पाहिली आहे, पिणाऱ्यासाठी पेला ठेवलेलाही पाहिला आहे, आणि त्यात कुणाला काही गैर वाटलेलं पाहिलं नाही. या पुस्तकातल्या एका वडिलांनी घाटावरचा तो तास लिहिला आहे. ऊन चढत होतं. कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. काकांनी शब्द दिला, मामांनी दिला, बहिणीनं रडत रडत दिला. श्रीखंड ठेवलं, वडापाव आणून ठेवला. मग सगळे गप्प झाले. ‘प्रत्येकाच्या मनात काय आलंय ते मला कळत होतं,’ वडील लिहितात, ‘आणि माझ्याही मनात तेच आलं होतं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.’ शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी उठली.

हा उतारा पुस्तकात घ्यावा की नाही यावर आमची बरीच चर्चा झाली. मी तो ठेवायचा आग्रह धरला. दारूला आपण घाटावरही जागा देऊ शकतो, कारण ती आपल्या ओळखीची आहे. पिणाऱ्याला आपण शिव्या देतो, पण तो आपलाच असतो. गर्द घेणाऱ्याला आपण ‘गर्दुल्ला’ म्हणतो आणि त्याच क्षणी त्याला गल्लीतून, नात्यातून, माणसातून उठवतो. त्याचं मरणही मग त्याच्या आईबापांच्या एकट्याच्या अंगावर पडतं.

समाचाराला लोक येतात, येत नाहीत असं नाही. पण येतात तेव्हा बोलत नाहीत. अपघातात गेलेल्या मुलाच्या घरी लोक त्याच्या आठवणी काढतात, कसा हसायचा, कशी टिंगल करायचा, गणपतीत किती नाचायचा. इथे लोक पाण्याचा पेला हातात धरून भिंतीकडे बघतात. मुलाचं नावच घेत नाहीत. नाव घेतलं तर पुढचं बोलावं लागेल अशी भीती असते. एका आईनं लिहिलं आहे की तिच्या मुलाचं नाव त्या पंधरवड्यात ज्या एकाच माणसानं घेतलं तो त्याला माल विकणारा होता. मुलाचा मोबाइल तिनं चालू ठेवला होता, अजूनही रिचार्ज करते, त्याचा फोटो दिसतो म्हणून. बाराव्या दिवशी त्यावर फोन आला. पलीकडच्यानं मुलाचं लाडकं नाव घेऊन हाक मारली आणि बावीसशे रुपये बाकी असल्याचं सांगितलं. “तो गेला,” ती म्हणाली. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग “सॉरी, आंटी” आणि फोन बंद. तिचा राग, तिचं रडणं, सगळं तिनं लिहिलं आहे. पण त्या एका हाकेनं बरं वाटलं, हेही तिनं लिहिलं आहे, आणि ते लिहायला तिला दोन महिने लागले.

अशी कबुली देणं किती अवघड असतं ते सुटकेच्या भावनेबद्दल बोलताना कळतं. समाचाराला आलेलं कुणीतरी दारातून बाहेर पडताना हमखास म्हणतं, “सुटलात एकदाचे.” हे वाक्य ऐकून आईबाप जळतात. पण ते जळतात याचं एक कारण हेही असतं की त्यांच्या आतून कुठून तरी तोच आवाज येऊन गेलेला असतो. वर्षानुवर्षं रात्री फोन वाजला की छाती धडधडायची. कपाटाला कुलूप, देव्हाऱ्यातल्या चांदीच्या वाटीला कुलूप, पाकीट उशाखाली. चमचा सापडला नाही तर कुणी काही न बोलता दुसरा घ्यायचं. बाथरूममध्ये पोरगं जास्त वेळ राहिलं की दारावर थाप. आणि मग एके रात्री फोन वाजणार नाही हे नक्की होतं. शरीर झोपतं. आठ-आठ तास झोपतं. सकाळी जाग आल्यावर आई स्वतःला विचारते, मी झोपले कशी?

या झोपेबद्दल पुस्तकातल्या किमान निम्म्या मनोगतांत काही ना काही आहे आणि जवळजवळ प्रत्येकानं ते खोडून पुन्हा लिहिलं आहे. मला त्यांना, आणि हे वाचणाऱ्या अशाच कुणाला, एवढंच सांगावंसं वाटतं की कॅन्सरच्या रुग्णाची दीर्घकाळ सेवा केलेल्या घरातही हीच झोप येते, आणि तिथे तिला कुणी पाप म्हणत नाही. तुमची सुटका तुमच्या मुलापासून झालेली नसते. त्या पहाऱ्यापासून झालेली असते. मूल हवंच होतं, आजही हवं आहे. पहारा नको होता.

या पालकांचा शोक मृत्यूच्या दिवशी सुरू होत नाही, हेही यातच आलं. जो मुलगा दहावीला पंच्याऐंशी टक्के मिळवून पेढे वाटत होता तो केव्हाच घरातून गेलेला असतो. त्याच्या जागी आलेल्याशी भांडता भांडता त्यांनी जुन्याची वाट बघितलेली असते. मेल्यावर एकाच वेळी दोघं जातात. एका वडिलांनी सांगितलं, फोटोला हार घालायचा म्हणून फोटो शोधायला बसलो तर गेल्या सहा वर्षांतला एकही नव्हता. घरात कुणी काढलाच नव्हता.

अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये एका पुस्तकातून अशा शोकाची दखल घेतली. ज्याला समाज मान्यता देत नाही, ज्यासाठी रजा मिळत नाही, ज्याबद्दल उघडपणे रडता येत नाही, तो शोक. त्याच्याही आधी, १९६८ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातल्या एका रुग्णालयात दोन मुलं काही दिवसांच्या अंतरानं गेली, एक अपघातात आणि एक आजारपणात. तिथल्या सायमन स्टीफन्स नावाच्या तरुण धर्मोपदेशकाच्या लक्षात आलं की आपण जे देऊ शकत नाही ते ही दोन जोडपी एकमेकांना देतायत. त्यातून पुढच्या वर्षी मूल गमावलेल्या पालकांची संघटना उभी राहिली, आणि आज ती बऱ्याच देशांत आहे. तिथे पालक पालकांना भेटतात, बस एवढंच. आपल्याकडे व्यसनींच्या पत्नींसाठी, कुटुंबीयांसाठी गट चालतात, त्यांतले काही फार चांगले चालतात. पण रुग्ण गेला की त्या घरच्यांचं गटात येणं हळूहळू थांबतं. कुणी या नका म्हणत नाही. बाकीच्यांना आपल्याकडे बघून भीती वाटते हे त्यांनाच कळतं.

अमेरिकेत ही आपत्ती इतकी मोठी झाली की तिथे ती लपवणं अशक्य झालं. २०२२ या एका वर्षात तिथे अमली पदार्थांच्या अतिमात्रेनं एक लाखाहून जास्त माणसं गेली, बहुतांश फेंटानिलनं. त्याची सुरुवात औषधाच्या दुकानातून झाली होती. १९९६मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाची जाहिरात परड्यू फार्मा या कंपनीनं व्यसनाचा धोका कमी दाखवून केली, आणि पुढे २००७ व २०२० अशा दोन वेळा कंपनीनं न्यायालयात गुन्हा कबूल केला. मार्च २०२२मध्ये दिवाळखोरीच्या सुनावणीत त्या कंपनीच्या मालक सॅकलर कुटुंबातल्या तिघांना ऑनलाइन हजर राहून मूल गमावलेल्या आईवडिलांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागलं. उत्तर द्यायची परवानगी नव्हती, फक्त ऐकायचं. त्या पालकांना न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या मुलाचं नाव आणि त्याचा मृत्यू कशानं झाला हे त्यांनी जबाबदार माणसांच्या समोर मोठ्यानं उच्चारलं. तिकडच्या मराठी घरांतही आता ही भीती पोहोचली आहे. तिथे तर वेदनाशामक समजून घेतलेल्या एका बनावट गोळीनं, व्यसन लागायच्या आधीच मूल जाऊ शकतं. आपल्याकडच्या बापाला आपलं म्हणणं सांगायला एकच जागा मिळते, जबाब घेणाऱ्याचं टेबल.

इथे आकड्यांबद्दल थोडं. केंद्र सरकारसाठी एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्रानं केलेलं सर्वेक्षण २०१९मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या ७७ लाखांच्या आसपास आणि सुईनं नशा करणाऱ्यांची संख्या साडेआठ लाख धरली आहे. आणि अतिमात्रेनं झालेले मृत्यू? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत हा देशभरातला आकडा वर्षाला काही शेकड्यांत असतो. इतक्या लाख आजाऱ्यांमागे इतके थोडे मृत्यू कसे, याचं उत्तर निधनवार्तांच्या पानावर आहे. हृदयविकार, पडून लागलेला मार, कावीळ, अल्पसा आजार. आपण लपवतो म्हणून आकडा लहान राहतो, आकडा लहान राहतो म्हणून घराघरांत औषध पोहोचवायची कुणाला निकड वाटत नाही, आणि आपलं घर सोडून दुसरीकडे असं कुठे झालंच नाही असं प्रत्येक आईला वाटत राहतं. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून आणि इतर ठिकाणांहून हजारो कोटींचं एमडी पकडलं. त्याच्या काही महिने आधी नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखाना सापडला होता. या बातम्यांत किलो मोजले जातात, कोटी मोजले जातात. पकडल्या न गेलेल्या मालाचं काय झालं, कुणाच्या घरी झालं, हे या पुस्तकात आहे.

भावंडांबद्दल स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं. इथे फक्त दोन बहिणी आणि एक धाकटा भाऊ बोलले आहेत. त्यांच्या वाट्याला आईबाप अर्धेच आले, आधीही आणि नंतरही. यातल्या एका बहिणीला बघायला पाहुणे आले, पोहे झाले, पत्रिका झाली आणि मुलाच्या आत्यानं विचारलं, “भाऊ कशानं गेला म्हणे?” घरात ठरलेलं उत्तर होतं. तिनं ते दिलं नाही. खरं सांगितलं. ते स्थळ गेलं. आईनं आठ दिवस अबोला धरला, आणि मग नवव्या दिवशी तिनं मला फोन करून विचारलं, “तुमच्या त्या पुस्तकात अजून जागा आहे का?” तिचं मनोगत सातवं आहे.

आता शेवटची गोष्ट, जी माझी नाही. प्रस्तावना कच्ची लिहून मी या सगळ्यांना वाचून दाखवली तेव्हा पंखा वाढवणाऱ्या त्या आईनं हरकत घेतली. ती म्हणाली, आमच्या दुःखाबद्दल खूप लिहिलंत, पण ज्यांचं पोरगं अजून जिवंत आहे त्यांनी पुस्तक उघडून पहिली चार पानं वाचली तर त्यांना उपयोगाचं काय आहे? बाकीच्यांनी तिला दुजोरा दिला आणि पुढचा मजकूर त्यांनी मिळून सांगितला. तो तसाच देते आहे.

नशा करणारं मूल विचित्र घोरत असेल, घशातून घुरघुर येत असेल, हाक मारून, खांदा जोरात हलवून जागं होत नसेल, ओठ किंवा नखं निळी दिसत असतील, तर ती झोप नाही. त्याला एकटं सोडू नका. १०८ला फोन करा. कुशीवर वळवा, तोंडात काही अडकलं असेल तर काढा. तोंडात पाणी, लिंबू, दूध काही घालू नका. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला येत असेल तर तोंडानं श्वास द्या. डॉक्टरांना काय घेतलंय ते स्पष्ट सांगा, लपवू नका. अफूजन्य पदार्थांवर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे, वेळेत दिला तर श्वास परत येतो. काही देशांत त्याचा नाकात मारायचा स्प्रे घरच्यांकडेच देतात, आपल्याकडे तो अजून घरांत पोहोचलेला नाही, म्हणून दवाखाना गाठायलाच हवा. पोलिस केस होईल म्हणून थांबू नका. नोंद होईल, पण उपचार आधी होतात. स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४अ मध्ये संरक्षण आहे. केंद्रातून घरी आलेल्या मुलाला आणि घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा, की आता जुनं माप चालणार नाही. हे सांगणं म्हणजे त्याला परवानगी देणं नव्हे. आणि उपचार कुठे मिळतील हे माहीत नसेल तर सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

हा मजकूर वेगळ्या कागदावरही छापला आहे आणि पुस्तकाच्या मागच्या पानाला जोडला आहे. तो फाडून घेतला तरी चालेल.